टॉवेलाखालची पाच बोटं

माझ्या मुलीला शाळेतून काढायचं आहे, असं मुख्याध्यापकांनी मला एकदाही स्पष्ट सांगितलं नाही. मी म्हशींचा व्यापारी आहे. जनावर घ्यायचं नसलं की गिऱ्हाईक कधी नाही म्हणत नाही. ते म्हशीभोवती फिरतं, कासेला हात लावतं, "जनावर झकास हाय" म्हणतं आणि पुढच्या बाजारी बघू म्हणून चहाच्या गाड्याकडं सटकतं. मुख्याध्यापकांचं बोलणं त्याच जातीचं होतं. मुलगी हुशार आहे, वाचनात वर्गात पुढं आहे, आमची काही तक्रार नाही, पण तिच्या भल्याचा विचार केला तर.

"भल्याचा म्हंजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात."

"कुठं असत्यात?"

"साताऱ्याला असतील, सांगलीला असतील. तुम्ही चौकशी करा."

पोर तेव्हा बाहेर व्हरांड्यात आईला बिलगून बसली होती. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. दुसरा बूट तिनं वर्गात फेकला होता आणि तो पहिल्या बाकावरच्या मुलीच्या कपाळाला लागला होता. त्या मुलीची आई माझ्या आधी ऑफिसात येऊन गेली होती, तिचंही चुकलं नव्हतं. पण "चौकशी करा" ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. "माझी पोर म्हंजे भाकड म्हस हाय व्हय, दावं सोडून बाजारला धाडायला?"

मुख्याध्यापक हलले नाहीत. पेपरवेट सरळ करत म्हणाले, "बघा. घरात असं वातावरण असलं की मुलं तशीच होतात."

त्यांच्याविरुद्धची माझी ही पहिली तक्रार. ती मी अजून सोडलेली नाही.

मी दुसऱ्यांच्या जनावरांचे दोर धरून बाजारोबाजार चालत मोठा झालो. शाळा सातवीत सुटली. आता इस्लामपूरच्या बाहेर माझा स्वतःचा गोठा आहे, स्वतःची पिकअप आहे, रहिमतपूरपासून कुंडलपर्यंत गिऱ्हाईक आहे. कुंडल बायकोचं माहेर, त्यामुळे तिथं उधारी जास्त. हे सगळं घासाघीस करून मिळवलं. मला वाटायचं, जगात असं काही नाही जे नीट बोलून खाली आणता येत नाही.

मुलगी चौथीत होती. ती हट्टी नाही, हे मी बाप म्हणून सांगत नाही. वर्गात बाई दुसऱ्याच कुणावर ओरडल्या, तास अचानक बदलला, तिचा नेहमीचा बाक कुणी घेतला, की तिचा चेहरा पांढरा पडतो. मग ती बाकाखाली शिरते. तिथून ओढून काढायला गेलं की हाताला येईल ते फेकते, चावते. सगळं शांत झालं की तीच सगळ्यांत जास्त रडते आणि ज्याला लागलं त्याच्या मागं मागं फिरून माफी मागते. पहिलीत असताना आम्ही म्हणायचो, लहान आहे. दुसरीत नजर काढली. तिसरीत मी एकदा मारलं, त्यानं काहीही सुधारलं नाही, उलट ती माझ्यापासून लांब बसायला लागली.

मुख्याध्यापक म्हणाले तशी चौकशी केली. साताऱ्यातली एक खास मुलांची शाळा कुणीतरी सुचवली. आम्ही तिघं पिकअपमधून गेलो. तिथल्या मोठ्या बाईंनी आम्हाला सगळी शाळा फिरवून दाखवली. मुलं पणत्या रंगवत होती, एक मोठा मुलगा बटण लावायला शिकत होता आणि लागलं की सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. माझी पोर भिंतीवरचे तक्ते वाचत फिरली. एका तक्त्यावर महिन्यांचा क्रम चुकला होता, तो तिनं बाईंना दाखवला.

बाई हसल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिची जागा इथं नाही. हिला इथं ठेवलं तर हिचं नुकसान, आणि ज्याला खरंच ही जागा हवी त्याचंही."

"मग हिची जागा कुठं हाय?"

"तिच्या वर्गात."

"वर्गवाले म्हणत्यात हितं."

त्यावर त्यांनी आम्हाला आग्रहानं चहा पाजला.

मग सांगलीला मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडं. ते पोरीशी जमिनीवर बसून पत्ते खेळले आणि मुद्दाम हरले, ते तिला लगेच कळलं. नंतर आम्हाला म्हणाले, "हिला राग येतो असं तुम्ही म्हणता. आधी भीती येते. राग तिच्या मागून येतो, आणि आपल्याला फक्त तोच दिसतो." अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळण्यासारखं हिला काही नाही, असंही त्यांनी सांगितलं. आनंद झाला, पण लगेच कळलं की आता आम्ही दोन्हीकडून बाहेर. खास शाळेला ती जास्त शहाणी, साध्या शाळेला जास्त अवघड. डॉक्टरांनी अधूनमधून यायला सांगितलं. आम्ही जातो.

सांगलीतच एका मोठ्या खाजगी शाळेत प्रवेशाचं बघितलं. तिथं मी माझ्या धंद्याप्रमाणे वागलो. बाजारात जनावराला खोड असेल, लाथ मारत असेल, धारेला दूध आखडून पान्हा चोरत असेल, तर मी सौद्याआधी सांगतो. लपवून विकलेलं जनावर दारात परत येतं आणि नावही जातं. म्हणून तिथल्या मॅडमना मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. बाकाखाली जाते, फेकते, चावते, नंतर माफी मागते. हुशार आहे, हेही सांगितलं. मॅडम मान हलवत होत्या. "आम्ही कळवतो."

कळवलं नाही. त्याच दिवशी बाहेर पार्किंगमध्ये बायकोनं मला धारेवर धरलं.

"आवं, पोरीची खोड सांगत्यात व्हय कुणी?"

"खोटं बोलू?"

"गप बसायचं हुतं. शाळा म्हंजे काय जनावरांचा बाजार हाय?"

"बाजार बरा. तिथं खरं सांगितलं तर दोन रुपये कमी मिळत्यात, पर जनावर इकलं जातं."

तिनं खिडकीकडं तोंड केलं ते इस्लामपूर येईपर्यंत. पुढं मला कळलं की त्याच शाळेत आमच्या ओळखीच्या एकानं आपला मुलगा घातला, त्यानंही बरंच काही फेकलं होतं, बापानं फक्त सांगितलं नव्हतं. हीही माझी तक्रार आहे. खरं सांगणाऱ्याला दार बंद आणि लपवणाऱ्याला गणवेशाचा कपडा.

जुनी शाळा तिला काढू शकत नव्हती. कायदा तसा आहे, हे मला नंतर कळलं. पण न काढता दमवता येतं. मधल्या सुट्टीनंतर फोन यायचा, "मुलीला घेऊन जा." आठवड्यातून कितीदा तरी. आणि मुख्याध्यापक भेटले की म्हणायचे, "चौथी पुरी करू द्या. पाचवीला दुसरीकडं बघा." शाळा सातवीपर्यंत होती. बाकी सगळी मुलं तिथंच पाचवीला जाणार होती.

असाच एकदा बाजाराच्या दिवशी फोन आला. हातात सौदा होता, घरी सोडायला वेळ नव्हता, म्हणून पोरीला थेट बाजारात नेलं. मला भीती होती की एवढ्या गोंगाटात ही काय करेल. तिनं काहीच केलं नाही. म्हशी हंबरत होत्या, दलाल ओरडत होते, ही पिकअपच्या मागच्या उघड्या फाळक्यावर पाय सोडून बसली. घरी येताना विचारलं, "टॉवेलाखाली तुम्ही काय करता, पप्पा?"

मी सांगितलं. आमच्या धंद्यात भाव मोठ्यानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. जेवढी बोटं तेवढा आकडा. सगळ्यांसमोर जे बोलायचं नाही ते बोटांनी सांगायचं.

"आणि खोटं सांगितलं तर?"

"टॉवेलाखाली कुणी खोटं सांगत न्हाई. एकदा सांगितलं की परत त्याच्या हाताखाली कुणी हात घालत न्हाई."

"आणि बाकीच्यांना कळतच नाही?"

"त्यासाठीच तर टॉवेल."

पुढच्या आठवड्यात घरीच प्रकार झाला. पाहुणे अचानक आले आणि तिच्या खोलीत त्यांच्या बॅगा ठेवल्या गेल्या. ती दिवाणाखाली गेली. चादर खाली लोंबत होती. बायकोनं पाहुण्यांना पुढं बसवलं, मी जमिनीवर बसलो. काय बोलायचं ते सुचेना, कारण जे बोलायचो त्यानं वाढायचंच. तेवढ्यात चादरीखालून तिचा हात बाहेर आला. मी खांद्यावरचा टॉवेल त्याच्यावर टाकला आणि खाली हात घातला. तिनं माझी पाचही बोटं गच्च धरली. एवढी गच्च की अंगठी रुतली.

आता सवयीचा गुलाम माणूस काय करणार? समोरच्यानं पाच सांगितलं की मी तीन दाबतो. तसं दाबलं. मनात म्हटलं, पाच नसेल गं, एवढं काय झालंय. तिनं परत पाच दाबली. मी चारवर आलो. तिनं हात ओढून घेतला आणि दिवाणाखालून चप्पल आली, माझ्या कानाजवळून गेली.

दुसऱ्या दिवशी विशेष शिक्षिका शाळेत येणार होत्या, म्हणून मी भेटायला गेलो. या मॅडम तालुक्यातल्या शाळांवर फिरतात, ज्या मुलांना वर्गात वेगळी मदत लागते त्यांच्यासाठी. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. मी त्यांना टॉवेलाचा प्रकार गंमत म्हणून सांगितला, पोरीनं बापाचा धंदा कसा उचलला बघा, अशा थाटात. त्या हसल्या नाहीत.

"तिनं तुम्हाला पाच सांगितलं. तुम्ही काय केलं?"

"मी तीन दिलं."

"का?"

"सौदा तसाच हुतो, मॅडम."

"ती काय विकत होती?"

मग त्याच म्हणाल्या, "ती सौदा करत नव्हती. किती भीती वाटते ते सांगत होती. आजवर तिला हे कुणालाच सांगता आलं नव्हतं. तोंडानं सांगता येत नाही तिला त्या वेळी. आणि तुम्ही तिला म्हणालात, एवढी नाही वाटत तुला." मग बजावलं, "इथं घासाघीस करायची नाही. पाच म्हणाली की पाच. तेवढं मान्य करायचं आणि तिला जिथं बरं वाटतं तिथं जाऊ द्यायचं. तिचं तीच खाली येईल."

मला राग आला. माझ्यापेक्षा लहान बाईनं मला सौदा शिकवावा याचा. पण पुढच्या वेळी करून बघितलं. तिनं पाच दाबली, मी पाच दाबली आणि गप्प बसलो. आयुष्यात पहिल्या बोलीला होकार द्यायची ती पहिलीच वेळ असेल. बऱ्याच वेळानं तिची पकड सैल झाली, चार, मग तीन. मी मध्ये काहीही केलं नाही. ती बाहेर आली आणि भूक लागली म्हणाली.

मॅडमनी हे वर्गात आणायचं ठरवलं. वर्गशिक्षिका बाईंना बोलावलं, मुख्याध्यापकही बसले. ठरलं असं की पोर बाईंच्या टेबलाशी येईल, बाई रुमाल टाकतील, ती बोटं दाबेल. तीनच्या वर गेलं की ती मुकाट्यानं व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत जाऊन बसेल, जिथं खेळाचं सामान असतं. बरं वाटलं की परत येईल. कुणी काही विचारायचं नाही.

वर्गशिक्षिका बाईंनी कपाळाला हात लावला. "मी वर्गात म्हशीचा सौदा करायचा का आता?"

"करून बघा, बाई," मी म्हणालो. "दलाली मागणार न्हाई."

मुख्याध्यापक म्हणाले, "शाळेला हे शोभत नाही. सगळी मुलं मागायला लागतील. पण मॅडमचा आग्रह आहे, तर चौथी संपेपर्यंत चालू द्या." चौथी संपेपर्यंत, हे शब्द त्यांनी माझ्याकडं बघून म्हटले.

पहिल्याच दिवशी बाई माझ्यासारख्याच चुकल्या. पोरीनं पाच दाबली, बाई म्हणाल्या, "एवढं गणित होऊ दे, मग जा." कंपासपेटी खिडकीतून बाहेर गेली. मुख्याध्यापकांचा मला फोन आला आणि त्यांच्या आवाजात मला समाधान ऐकू आलं. कदाचित माझ्या मनाचे खेळ असतील, पण मला ऐकू आलं. मॅडम परत येऊन बाईंजवळ बसल्या. बाई चांगल्या होत्या. साठ मुलं सांभाळणाऱ्या बाईनं एकीसाठी थांबायचं म्हणजे सोपं नाही, हे मी रागातही मान्य करतो. दुसऱ्यांदा त्यांनी जाऊ दिलं. पोर खेळाच्या खोलीत लेझीमच्या ढिगाशेजारी बसली आणि तास संपायच्या आत परत आली. पुढं पुढं ती न जाताच नुसती बोटं दाबून बाकावर परत जायला लागली. मी बाईंना विचारलं, असं का? बाई म्हणाल्या, "मला काय माहीत? सांगितलं की तिचं मन हलकं होतं वाटतं." फोन कमी झाले. बंद नाही झाले.

आणि तरी मुख्याध्यापक पाचवीचं नाव काढत नव्हते. मी विचारलं की म्हणायचे, "बघू, संस्थेशी बोलतो." पुढच्या बाजारी बघू.

परीक्षेच्या आधी शाळेत पालकांचा मेळावा झाला. शिक्षण खात्याचे एक अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. आम्ही खुर्च्यांवर, मुलं समोर सतरंजीवर, माझी पोर तिच्या वर्गाबरोबर. मुख्याध्यापक माइकवर उभे राहिले. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली की भावनिक अडचणी असलेल्या मुलांसाठी शाळेनं एक अभिनव उपक्रम सुरू केला आहे. त्याला त्यांनी नावही दिलं होतं, 'हस्तसंवाद'. रुमालाखाली बोटांच्या स्पर्शानं मूल आपली भावना व्यक्त करतं. ही कल्पना आपल्या मातीतल्या परंपरेतून आम्हाला सुचली, असं म्हणाले. आम्हाला! अशा मुलांना शाळेबाहेर घालवणं आमच्या तत्त्वात बसत नाही, असंही म्हणाले. अधिकारी वहीत लिहून घेत होते. मॅडमचं नाव नाही, बाईंचं नाही, माझं तर नाहीच.

माझं रक्त तापलं. मी उठलो. बायकोनं सदरा धरला, "आवं, बसा, बसा की." पण मी उभा राहिलो होतो आणि सगळ्या माना वळल्या होत्या. अधिकारी म्हणाले, "आपल्याला काही बोलायचं आहे का?"

मुख्याध्यापकांचा चेहरा मी बघितला. ते घाबरले होते. आणि तेवढ्यात मला दिसलं की माणूस स्वतःहून बोलीत अडकला आहे. चारशे माणसांसमोर, साहेबांसमोर, त्यांनी तोंडानं सांगितलं होतं की अशा मुलांना आम्ही घालवत नाही. आता मी भांडलो तर ते सुटणार.

"व्हय," मी म्हणालो. "सरांचे आभार मानायचेत. ज्या पोरीपायी हे सुरू झालं ती माझी हाय. ती पाचवीला हितंच ऱ्हाणार, सातवीपतुर हितंच शिकणार, सरांनी आत्ताच सांगितलं. म्हणून आभार."

अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मुख्याध्यापकही वाजवत होते. नंतर चहाच्या टेबलापाशी ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आभाराची काही गरज नव्हती."

"मला हुती, सर."

पिकअपमध्ये बसताना मी खुशीत होतो. बायको म्हणाली, "आभार मानताना दात खात हुता तुमी." पण घरी पोचल्यावर पोर दप्तर टाकून म्हणाली, "सगळ्यांसमोर मी तुमची आहे असं का सांगितलं?"

"तुझ्यासाठीच, बाळा. आता तुला कुणी काढत न्हाई."

"कुणालाच माहीत नव्हतं ती मुलगी कोण. माझ्या वर्गाला माहीत होतं, बाकीच्यांना नव्हतं. आता सातवीतली मुलंपण माझ्याकडं बघत होती."

"मग काय करायचं हुतं मी?"

"मला विचारायचं होतं."

तिचं खरं होतं. साताऱ्याला जाताना, सांगलीला जाताना, रुमालाचं ठरवताना आम्ही मोठी माणसं एकमेकांशी बोललो होतो आणि ती दर वेळी बाजूला नाहीतर बाहेर व्हरांड्यात राहिली होती. पण मी तिथं उठलो नसतो तर पाचवी नव्हती, हेही खरं आहे, आणि तिची माफी मागताना ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे," आणि दार लावून घेतलं.

जूनमध्ये ती पाचवीला तिथंच बसली. खिडकीकडचा बाक मागितला, मिळाला. नवे वर्गशिक्षक कडक आहेत, पण रुमाल खिशात ठेवतात. वाईट दिवस येतात, मागच्या महिन्यात दोन पट्ट्या मोडल्या, मी नव्या आणून दिल्या. व्हरांड्यात 'हस्तसंवाद' असा रंगवलेला फलक लावला आहे, खाली मुख्याध्यापकांचं नाव. तो फलक बघितला की माझं डोकं अजून तापतं आणि मी तसाच पुढं जातो. पोर माझ्याशी बोलते, पण शाळेतलं काही सांगायचं असलं की आईला सांगते. आता सहामाहीनंतर शाळेत परत बैठक आहे. या वेळी तीही आत बसणार, असं मी मॅडमना आधीच कळवून टाकलं आहे. तिला विचारून.